गरिबांची काळजी ख्रिस्ती माणसाने कुठवर घ्यावी?

ओसरी
जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय. वाद झाला तरी चालेल.

चर्चचं वार्षिक अंदाजपत्रक कुठेही बघा. इमारत, रंगरंगोटी, ध्वनियंत्रणा, कार्यक्रम, पाहुण्यांचा खर्च असं सगळं लिहून झालं की शेवटच्या ओळीत 'गरिबांसाठी मदत' येते. वर्षाअखेरीस पैसे कमी पडले की कात्री लागते ती त्याच ओळीला. कुणी वाईट मनाने करतं असं नाही. गरिबांना देणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती विश्वासाचा गाभा नाही, असं आपण मनात धरून चाललोय.

बायबल उघडलं की मला याच्या उलट दिसतं. मत्तयाच्या २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. तिथे प्रभू कुणालाही 'तुझी शिकवण शुद्ध होती का' असं विचारत नाही. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. तुम्ही काय केलंत? एवढंच. डावीकडे गेलेल्यांवर चोरीचा किंवा खुनाचा एकही आरोप नाही. त्यांनी काही केलं नाही, हाच आरोप.

लूक १६ मधल्या श्रीमंत माणसाचंही तसंच. त्याने लाजरला मारलं नाही, हाकललंही नाही. लाजर त्याच्या दारात पडून होता आणि तो रोज ख्यालीखुशालीत जेवत होता, इतकंच.

म्हणून माझं मत असं की गरिबांची काळजी म्हणजे आपल्या दयाळूपणाचं प्रदर्शन नव्हे, ते आपल्यावरचं ऋण आहे. आणि ऋण हे उरल्यासुरल्यातून फेडायचं नसतं. पण मग किती द्यायचं, कुणाला द्यायचं, मागेल त्या प्रत्येकाला द्यायचं का, यावर माझीच मती गुंग होते. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

रानजाई
लाजरच्या गोष्टीबद्दल +१. अजून एक बघा. येशूने सांगितलेल्या दाखल्यांमध्ये, याच गोष्टीत येणारा पूर्वज अब्राहाम सोडला तर, नाव असलेलं पात्र हे एकच. श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. जगात नेमकं उलटं असतं.

सुतारपक्षी
मी विरोधी बाजूने लिहितो, राग नसावा.

कमिटीवर काम केलंय म्हणून सांगतो. मदत मागायला येणाऱ्यांत खरे गरजू असतात तसे सराईतही असतात. एकाच कारणासाठी तीन चर्चांतून पैसे उचलणारे असतात. आपण देत राहिलो की घेणाऱ्याला घ्यायची सवय लागते आणि कष्ट सुटतात. प्रेषित पौलाने मंडळीला लिहिलेल्या पत्रात सरळ लिहून ठेवलंय, ज्याची काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. हे वचन या चर्चेत कुणी काढत नाही, कारण ते गैरसोयीचं आहे.

दुसरं, चर्चचं पहिलं काम सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश सांगणं. पोटाचे प्रश्न सोडवायला सरकार आहे, संस्था आहेत. चर्चने सुवार्ता सोडली तर ती दुसरं कोण सांगणार?

जुनी वही
सुतारपक्षी, वचन बरोबर आहे (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०), पण त्याच्या आजूबाजूचं वाचा. तिथे पौल मंडळीतल्याच काही जणांबद्दल बोलतोय. स्वतःचं काम सोडून इतरांच्या कामात लुडबुड करणारे ते लोक. पौलाने 'इच्छा नाही' असं म्हटलंय. ज्याला काम मिळत नाही, ज्याच्याने होत नाही किंवा राब राब राबूनही ज्याचं भागत नाही, त्याच्याविषयी ते वचन नाहीच. आणि त्याच अध्यायात तीनच वचनं पुढे तो म्हणतो, तुम्ही मात्र बरं करताना थकू नका. ती ओळ कुणी पाठ करत नाही.

शिवाय हाच पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत फिरला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अख्खे अध्याय त्यासाठी खर्ची पडलेत. गलतीकरांस २:१० मध्ये तो सांगतो की यरुशलेमेतल्या वडीलमंडळींनी त्याला एकच गोष्ट बजावली, गरिबांची आठवण ठेव. सुवार्ता कुणी कुठे सांगायची याच्या वाटणीची ती बैठक होती. त्या बैठकीत गरीब विसरले गेले नाहीत. म्हणजे 'आधी सुवार्ता, मग गरीब' अशी उतरंड पौलाच्या डोक्यात नव्हती.

कष्टाचं म्हणाल तर माझ्या पाहण्यातले सगळ्यात जास्त कष्ट करणारे लोक गरीबच आहेत. याकोब ५:४ वाचा. शेतकापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती आरोळी प्रभूच्या कानी गेलीय. तिथे आळशी मजूर नाही, मजुरी बुडवणारा धनी उभा आहे.

कंदील
मूळ धाग्यातल्या मत्तय २५ बद्दल थोडं सावध करावंसं वाटतं. 'माझ्या ह्या अत्यंत लहान बंधूंपैकी एकाला' यातले बंधू कोण, यावर अभ्यासकांत जुना मतभेद आहे. एक बाजू म्हणते, जगातला प्रत्येक गरजू. दुसरी म्हणते, सुवार्तेसाठी फिरणारे येशूचे शिष्य. मत्तयातच येशू शिष्यांना आपले भाऊ म्हणतो (१२:४९-५०), आणि १०:४२ मध्ये शिष्याला पाण्याचा प्याला देणाऱ्याला प्रतिफळाचं आश्वासन आहे. त्यामुळे दुसरं मत अगदीच टाकाऊ नाही. या एका उताऱ्यावर सगळी इमारत उभी करू नये एवढंच माझं म्हणणं.

रानजाई
कंदीलदादा, समजा दुसरं मत बरोबर धरलं. मग चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परक्या माणसाच्या, दाखल्याचं (लूक १०) काय करायचं? शास्त्र्याने तुमचाच प्रश्न विचारला होता, 'माझा शेजारी कोण?' त्यालाही हद्द आखून हवी होती. येशूने हद्द आखून दिलीच नाही. उलट त्यालाच विचारलं, लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला?

तो शोमरोनी जखमांना पट्ट्या बांधून थांबत नाही, हे मला फार मोठं वाटतं. स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, सकाळी दोन दिनार देतो आणि सांगतो, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. पुढची जबाबदारीही घेतली. आपली मदत बहुतेक वेळा पट्टी बांधून संपते.

कंदील
मान्य. तो दाखला हद्द पुसूनच टाकतो. मी मत्तयापुरतं बोलत होतो. गलतीकरांस ६:१० मध्ये दोन्ही एकत्र आहेत: सर्वांचं बरं करावं, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. 'विशेषतः'च्या आधी 'सर्वांचं' येतं.

वाटसरू
मी ख्रिस्ती नाही. धागा आवडला म्हणून वाचतोय, आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. बाहेरून बघणाऱ्या आमच्यासारख्यांना कायम शंका असते की ही मदत धर्म बदलावा म्हणून आहे. तुमच्यातल्या लोकांना हे टोचत असेल, पण शंका खरीच आहे. यावर तुमचं आपापसात काय बोलणं होतं?

पैलतीर
वाटसरू, प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हाला विचारायलाच हवा. आमच्यातही यावर बोलणं होतं, पण पुरेसं होत नाही.

मी माझ्यापुरतं उत्तर लूक १७ मध्ये शोधलंय. दहा कुष्ठरोगी येशूला हाक मारतात. दहाही बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नवांचं कुष्ठ परत आलं असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने दिलेलं बरेपण बिनशर्त होतं. ज्या मदतीला अट आहे ती मदत राहत नाही, तो सौदा होतो, आणि विश्वासाचा सौदा करणं हा आधी ख्रिस्ताचाच अपमान आहे. हे मी चर्चमध्येही असंच बोलतो.

इतिहासात दोन्ही गोष्टी सापडतात. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेजमध्ये साथ आली तेव्हा बिशप सिप्रियनने मंडळीला बजावलं की फक्त आपल्याच लोकांची सेवा करण्यात काही विशेष नाही, छळणाऱ्यांवरही प्रेम करा. पुढे ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक होता, त्याने आपल्या एका पुजाऱ्याला पत्र लिहून तक्रार केली की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्याकडून मदत मिळत नाही म्हणून उघडे पडतात. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

पण वादही तितकेच खरे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं तेव्हा तिथे धर्मशिक्षण सक्तीचं नसेल असं ठरलं होतं. मुली त्यांच्या प्रार्थनेत येऊन बसू लागल्या आणि १८९३ च्या सुमारास मोठं वादळ उठलं, सल्लागार मंडळातली बडी माणसं बाहेर पडली. त्यानंतरच्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली आणि बायका केडगावला आणून जगवल्या. हा सगळा इतिहास एकत्र वाचायला लागतो. जगवलेल्या मुलींमुळे शंका आपोआप खोटी ठरत नाही, आणि शंकेमुळे त्या मुलींचं जगणं खोटं ठरत नाही.

वाटसरू
धन्यवाद पैलतीर. नऊ जणांचा मुद्दा माहीत नव्हता. उत्तर सरळ दिलंत हे आवडलं.

सुतारपक्षी
पैलतीर यांच्याशी अटीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. दारात येऊन हात पसरणारा खरा की खोटा, हे बघायचंच नाही का? डोळे मिटून देणं ही बेजबाबदारी आहे. मंडळीचा पैसा आपल्या घरचा नसतो.

जुनी वही
हा प्रश्न पहिल्या पिढ्यांपासून चालत आलाय, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. 'दिदाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती लेखन आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. मागणाऱ्या प्रत्येकाला दे, परत मागू नकोस. गरज नसताना घेणाऱ्याला जाब द्यावा लागेल. आणि लगेच पुढे, कुणाला देतोयस हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामाने भिजू दे. म्हणजे त्यांनाही गाठ सुटलेली नव्हती.

योहान क्रिसोस्तम हा चौथ्या शतकातला अंत्युखियाचा मोठा प्रवचनकार. त्याने लाजरवर प्रवचनांची मालिकाच दिली. त्याचं म्हणणं असं की गरिबाची शिफारस एकच, त्याची गरज. आपण दान देताना त्याच्या आयुष्याची झडती घ्यायला बसलेले न्यायाधीश नाही. अब्राहामाने तंबूच्या दाराशी आलेल्या परक्यांना आधी 'तुम्ही कोण' असं विचारलं असतं तर देवदूत परत गेले असते.

माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. समोर उभ्या असलेल्या भुकेल्याला खायला देताना चौकशी नको. मंडळीच्या निधीतून महिन्यामागून महिना कुणाला आधार द्यायचा असेल तर चौकशी हवीच, कारण तिथे एकाला चुकीचं दिलेलं दुसऱ्या गरजूच्या वाट्यातून जातं. पौलाच्या नावाच्या पत्रातही विधवांची यादी करताना निकष आहेत (१ तीमथ्य ५): वय साठच्या वर, आणि जिला मुलं-नातवंडं आहेत तिचा भार आधी त्यांनी उचलावा.

मधली सुट्टी
मला फोटोंबद्दल बोलायचंय. ब्लँकेट द्यायचं आणि घेणाऱ्या म्हातारीला कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं, हे कधी थांबणार? प्रभूने सांगितलं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. आपल्या डाव्या हातात मोबाइल असतो आणि तो शूटिंग करत असतो!

रानजाई
मधली सुट्टी :) :) हे चर्चच्या फलकावर लिहायला हवं.

सुतारपक्षी
फोटोंची एक अडचण सांगतो. देणगीदार पुरावा मागतात. फोटो नसेल तर 'पैसे कुठे गेले' असा प्रश्न येतो. पण मलाही ते बघवत नाही हे खरं.

पाऊलवाट
इतके दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते, कारण या धाग्यावर सगळे देणारे बोलतायत. मी घेणाऱ्यांतली.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी शाळेत होते. आम्ही जात होतो त्या चर्चने मदत केली. धान्याच्या पिशव्या रविवारी उपासना झाल्यावर पुढे बोलावून दिल्या जायच्या. नाव पुकारलं की आईने उठायचं, पुढे जायचं, पिशवी घ्यायची, टाळ्या वाजायच्या. माझ्या वर्गातली मुलं बाकांवर बसलेली असायची. त्या धान्यावर आम्ही जगलो, हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पण काही महिन्यांनी आई उपासनेला जायचीच बंद झाली. विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय.

त्याच मंडळीत एक बाई होत्या. त्या संध्याकाळी घरी यायच्या. आईशेजारी बसून काहीतरी निवडू लागायच्या, गप्पा मारायच्या, वडिलांना विचारायच्या की त्यांच्या मुलाला कोणती शाखा घ्यायला सांगू. माझे वडील आजारी माणूस राहिले नव्हते तेवढा वेळ, कुणाला सल्ला देणारे होते. जाताना त्या काही ठेवून जायच्या ते आम्हाला नंतर कळायचं. माझी फी त्यांनी परस्पर भरली होती, हे मला शाळेतून दाखला घेताना समजलं.

दोघांनीही दिलं. मी दोघांचीही ऋणी आहे. पण एकाने आम्हाला गरीब केलं आणि एकीने आम्हाला शेजारी मानलं. सुतारपक्षी, तुम्ही ज्यांना सराईत म्हणता त्यांच्यातले काही असेही असतील की ज्यांना एका दारात एवढं झुकायला लागलं की त्यापेक्षा तीन दारांतून थोडं-थोडं घेणं बरं वाटलं. सगळे तसे असतील असं नाही म्हणत.

ओसरी
पाऊलवाट ताई, तुम्ही लिहिलंत हे या धाग्याचं भाग्य. 'ऋण' वगैरे शब्द मी वर वापरले, पण घेणाऱ्याच्या अंगाने ते कसं दिसतं हे माझ्या लिहिण्यात नव्हतंच.

कंदील
पाऊलवाट यांचा प्रतिसाद वाचून प्रेषितांची कृत्ये ६ आठवला. पहिल्या मंडळीत रोजची अन्नवाटप होती आणि तिथेही तक्रार झालीच. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा दुर्लक्षिल्या जातायत असं त्यांच्या लोकांनी सांगितलं. प्रेषितांनी त्यावर 'मिळतंय ते घ्या' असं म्हटलं नाही. सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटपावर बसवले गेले. मदत करायची आणि वाटपाची सूत्रंही हाती द्यायची, हे आपण अजून शिकलेलो नाही. आपल्या मदत-समितीवर कधी मदत घेतलेला माणूस असतो का?

तांबडफुटी
चर्चा छान चाललीय, पण मला एक राहून गेलेलं वाटतं. सगळं बोलणं देण्याभोवती फिरतंय. माणूस गरीब झाला कसा, हे कोण विचारणार?

मोशेच्या नियमशास्त्रात दान फार नंतर येतं, आधी व्यवस्था येते. शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची (लेवीय १९). जुन्या करारातली गरीब परकी विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात गेली ती भीक मागायला नाही, हक्काने वेचायला गेली. गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्या. गरिबाकडून व्याज घेऊ नका. सातव्या वर्षी कर्जमाफी. पन्नासाव्या वर्षी योबेल, म्हणजे विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. हे सगळं किती पाळलं गेलं हा वेगळा प्रश्न, पण नियमाचा रोख स्पष्ट आहे: पिढ्यान्‌पिढ्या कुणी कंगाल राहू नये.

आणि आमोस संदेष्टा तर दानाबद्दल बोलतच नाही. तो खोट्या मापांबद्दल आणि पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकत घेणाऱ्यांबद्दल बोलतो. तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं देवाच्या नावाने सांगतो.

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढलं, त्यातही हेच आहे. धनी आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल इतकी ती असायलाच हवी. ब्राझीलचे आर्चबिशप हेल्देर कामारा यांचं म्हणून एक वाक्य प्रसिद्ध आहे: मी गरिबांना अन्न देतो तेव्हा मला संत म्हणतात, ते गरीब का आहेत असं विचारतो तेव्हा कम्युनिस्ट म्हणतात.

सुतारपक्षी
इथेच मला भीती वाटते. वेदीवरून राजकारण सुरू झालं की मंडळी दुभंगते. आज मजुरीवर बोलाल, उद्या कुणाला मत द्यायचं ते सांगाल.

तांबडफुटी
कुणाला मत द्या हे सांगणं आणि मजुरी बुडवू नका हे सांगणं, यात फरक आहे. दुसरं याकोबाच्या पत्रात शब्दशः आहे, ते वाचायचं नाही का? आणि बाहेरच्यांचं सोडा. आपल्या संस्थांमध्ये झाडलोट करणाऱ्यांना, शिपायांना, रात्रपाळीच्या आयांना आपण काय देतो? तिथून सुरुवात करायला कुठल्या पक्षाची गरज नाही.

पैलतीर
दोन्ही बाजू एका माणसात कशा असू शकतात याचं उदाहरण म्हणून चौथ्या शतकातला बासिल. ३६८ च्या सुमारास कैसरियात दुष्काळ पडला. व्यापारी भाव चढायची वाट बघत धान्य दाबून बसले होते. बासिल तेव्हा बिशपही नव्हता. त्याने प्रवचनांतून कोठारवाल्यांना तोंडावर सुनावलं, कोठारं उघडायला लावली आणि भुकेल्यांना एकत्र जमवून स्वतः वाढायला उभा राहिला. त्याचा रोख असा: तू साठवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेलं वस्त्र उघड्याचं आहे. पुढे बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर एक मोठी वसाहत उभारली. आजारी, कुष्ठरोगी, वाटसरू, गरीब सगळ्यांसाठी. लोक तिला त्याच्याच नावाने ओळखू लागले.

जाब विचारणं आणि वाढणं, दोन्ही केलं त्याने. ओसरी यांचा 'ऋण' हा विचारही त्याच्याकडे आहेच.

मधली सुट्टी
मला आमच्या नात्यातले एक काका नेहमी ऐकवतात, 'गरीब तर नेहमीच तुमच्याजवळ असतील असं येशूनेच सांगितलंय, मग कशाला जिवाचा आटापिटा?' याला काय उत्तर द्यायचं?

जुनी वही
काकांना जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं १५:११ काढून द्या. येशू तेच वचन आठवून बोलत होता. तिथे पूर्ण वाक्य असं आहे की देशात गरीब असायचेच, म्हणून मी तुला आज्ञा देतो की आपल्या गरजू भावासाठी हात सैल सोड. काका अर्ध्यावर थांबतात. आणि मार्क १४:७ मध्ये येशूही पुढे म्हणतोच, पाहिजे तेव्हा तुम्हाला त्यांचं बरं करता येईल.

मधली सुट्टी
मार्मिक! रविवारी भेटणारच आहेत.

रानजाई
'किती द्यायचं' यावर कुणीच आलं नाही अजून. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, दिला की झालं का?

जुनी वही
दशांशाबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अनुवाद १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवायचा, आणि तो लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हायचं. म्हणजे दशांश मागताना जे वचन वापरतो त्याच व्यवस्थेत गरिबांचा वाटा लिहिलेला आहे. दशांशावर प्रवचन होतं, तिसऱ्या वर्षावर होत नाही.

येशूकडे मात्र एकच दर दिसत नाही. तरुण श्रीमंताला सगळं विकायला सांगितलं. जकातदार जक्कय स्वतःहून म्हणाला अर्धं देतो, शिवाय कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत, तर येशूने त्याला 'अजून अर्धं राहिलं' असं म्हटलं नाही. विधवेने दोन नाणी टाकली, तीच तिची सगळी उपजीविका होती. तिचं उदाहरण देताना मात्र मी दहा वेळा विचार करते, कारण मार्कमध्ये त्याच्या दोनच वचनं आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोललाय. गरीब विधवेचं शेवटचं नाणंही आपल्या पेटीत पडावं म्हणून ही गोष्ट सांगायची असेल, तर आपण त्या शास्त्र्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

मला व्यवहारात उपयोगी वाटतं ते मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी सांगितलेलं. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचं उत्पन्न वर्षाला ३० पौंड होतं, त्याचं २८ मध्ये भागायचं, तो २ द्यायचा. पुढच्या वर्षी ६० झाले तरी खर्च २८ च, दिले ३२. मग ९०, मग १२०. खर्च तोच राहिला. तो तरुण स्वतः वेस्लीच, असं सगळे मानतात. आपलं उत्पन्न वाढलं की आधी राहणी वाढते आणि देणं आहे तिथेच राहतं. त्यांनी क्रम फिरवला.

सुतारपक्षी
हे पटलं. टक्क्यांपेक्षा हे बरं.

आता मूळ धाग्याकडे. ओसरी, तुमच्या अंदाजपत्रकाचं पुढे काय? नुसतं 'ओळ वर घ्या' म्हणून भागणार नाही, कमिटी ऐकायची नाही. मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं: गरिबांसाठीची रक्कम दर महिन्याच्या अर्पणातून आधी बाजूला काढायची, वर्षाअखेरीस उरलेल्यातून नाही. आणि त्यातला एक भाग कामासाठी. शिलाई यंत्र, हातगाडी, गवंड्याची अवजारं, परीक्षेची फी. माझा तो मुद्दा मी सोडलेला नाही. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे.

ओसरी
आधी बाजूला काढायची ही सूचना उत्तम. पौलही करिंथकरांना तेच सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. पुढच्या बैठकीत मांडतो. पाऊलवाट ताई, तुमच्याकडून काही?

पाऊलवाट
पुढे बोलावून वाटप बंद करा, हे पहिलं. घरी जा. एकटं जाऊ नका, दोघं जा, आणि दर वेळी नवीन माणसं पाठवू नका. तीच दोन माणसं येत राहिली की ओळख होते, मग मागावं लागत नाही. आणि कंदील म्हणाले तसं, समितीवर एक तरी मदत घेतलेलं माणूस घ्या. त्यांना विचारा की काय हवंय. आम्हाला त्या वर्षी धान्यापेक्षा औषधांची जास्त गरज होती, पण कुणी विचारलंच नाही.

पैलतीर
दोघांनी घरी जाण्याची पद्धत जुनी आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नावाने जी संस्था काढली, तिचं मुख्य काम आजही हेच, गरिबांच्या घरी जाऊन भेटणं.

कंदील
हिशेबाचा मुद्दा राहिला. सुतारपक्षी म्हणाले तसे देणगीदार पुरावा मागणार. फोटो नको असतील तर दुसरी सोय आधीच सांगा. पौलाने वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता, एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथकरांस ८:१९-२१). पैसे मोजायला दोघं, पावत्या लेखापरीक्षकाकडे, वार्षिक अहवालात फक्त आकडे आणि कारणं. घेणाऱ्यांची नावं नाहीत.

सुतारपक्षी
असा हिशेब ठेवला तर माझी फोटोची अडचण सुटते. ओसरी, खर्चाच्या नोंदींचा तक्ता मी आमच्या कमिटीसाठी केलेला आहे, नावांचा रकाना काढून पाठवतो. एक ठरवा मात्र. अवजारांसाठी दिलेले पैसे परत घ्यायचे की नाही? मी परतफेडीच्या बाजूने आहे. बिनव्याजी, सवडीने, पण परत. ते पैसे पुढच्या माणसाला जातील.

पाऊलवाट
बिनव्याजी चालेल. पण न फेडता आल्यास तगादा नको, आणि कुणाचे किती राहिले हे रविवारी कुणाच्या तोंडी येता कामा नये. ही अट लिहून घ्याल का?

ओसरी
घेतो. मसुदा तयार झाला की इथेच टाकतो, सगळ्यांनी कात्री चालवा.